गल्लीचा ग्रुप मिसळलेलाच राहू द्या: सोलापूरच्या ग्रुप अ‍ॅडमिन मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, सलाम, जय भीम, शरणु शरणार्थी.

नळाला पाणी सुटलं की कळवण्यासाठी तुम्ही गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. कुणी अपार्टमेंटचा काढला, कुणी शाळेतल्या पालकांचा, यंत्रमाग कामगारांचा, बिडी वळणाऱ्या बायकांचा, मंडळाचा, रिक्षा स्टॉपचा. पगार नाही, मानपान नाही, वर रात्री अकराला फोन येतो, "अण्णा, त्याला काढा की ओ ग्रुपमधून." या कामाबद्दल तुम्हाला कुणी आजवर दोन चांगले शब्द बोललं नसेल. मला मात्र असं मनापासून वाटतं की गल्लीतली शांतता टिकवणं आज नगरसेवकापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मागणं एकच आहे. तुमचा ग्रुप मिसळलेला राहू द्या. गल्लीत जेवढ्या जातींची, धर्मांची आणि भाषांची माणसं राहतात, तेवढी सगळी ग्रुपमध्ये असू द्या. ती आहेत ना, आणि बोलती आहेत ना, याकडे लक्ष ठेवा.

सोलापुरात हे मागणं नव्याने करावं लागतंय याचं वाईट वाटतं. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली आणि पुढच्या काळात मिलच्या, मागाच्या कामासाठी चहूकडून माणसं इथे आली. तेलंगणातून पद्मशाली आले आणि पूर्व भागात घरोघरी तेलुगू रुजली. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून कन्नड आली. उर्दू होतीच, मारवाडी आणि गुजराती पेढ्या होत्या. बाजारात मराठी बोलायची, मागावर तेलुगू, आजीशी कन्नड, असं तीन-तीन भाषांत जगणारी पोरं इथे आजही गल्लोगल्ली सापडतात. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांची नावं आपण एका दमात घेतो: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिशन सारडा, जगन्नाथ शिंदे. दर जानेवारीत त्यांच्या पुतळ्यांना हार घालायचे आणि खिशातल्या फोनमध्ये मात्र फक्त आपल्याच समाजाचे ग्रुप ठेवायचे, हे मला पटत नाही.

समाजाच्या ग्रुपला माझा विरोध नाही. लग्नाचा बायोडाटा, समाजाची शिष्यवृत्ती, करीमनगर-वरंगळकडच्या भाऊबंदांची खबरबात यासाठी ते हवेतच. पूर्वी गावाकडच्या मावशीचा चेहरा दोन-तीन वर्षांतून एकदा, लग्नकार्यात दिसायचा. आता व्हिडिओ कॉलवर रोज दिसतो आणि इथे जन्मलेल्या नातवाच्या कानावर तेलुगू पडत राहते. घरातली भाषा टिकायला या फोनने केलेली मदत मोठी आहे. मी बोलतोय ते गल्लीच्या, शाळेच्या, कामाच्या ग्रुपबद्दल. जिथे शेजार आहे, तिथल्या ग्रुपबद्दल.

या ग्रुपनी आपलं किती भलं केलं, ते आधी नीट सांगितलं पाहिजे. उजनीचं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं आणि कधी पहाटे तीनला सुटतं. "पाणी आलं" हे दोन शब्द पहिल्यांदा कोण टाकतो, त्याची जात कोणती, हे तेव्हा कुणी विचारत नाही. त्या दोन शब्दांवर अख्खी गल्ली उठते, मोटारी चालू होतात, आणि शेजारची म्हातारी उठली नसेल तर तिचं दार कुणीतरी वाजवतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिलमध्ये, ऑक्सिजनचं सिलिंडर कुठे आहे आणि बेड कुठे मिळेल याचे निरोप याच ग्रुपवरून फिरले. ज्यांना एरवी एकमेकांच्या घरचा चहा चालत नव्हता, त्यांनी एकमेकांसाठी रक्त दिलं.

बिडी कामगार बायकांच्या ग्रुपची गोष्ट तर मला फार मोलाची वाटते. त्यांच्यातल्या कितीजणींना मराठी लिहिता येत नाही, आणि तेलुगू बोलता आली तरी तिची लिपी वाचता येत नाही. शाळेने, बँकेने, सरकारी कागदाने त्यांना कायम बाहेर ठेवलं. व्हॉइस मेसेज आला आणि लिपीची अडचणच उरली नाही. आज कारखान्यात पान कसं आलंय, तंबाखू कमी दिली का, किती बिड्या खराब म्हणून बाजूला काढल्या, हे एक अक्का तेलुगूत बोलून टाकते, दुसरी तिला दखनी उर्दूत उत्तर देते, तिसरी मराठीत, आणि तिघींना एकमेकींचं कळतं. शंभर वर्षं एकाच शहरात राहिलेल्या घरांतल्या ज्या बायकांना अर्ज करता आला नव्हता, त्या आता आपलं गाऱ्हाणं स्वतःच्या आवाजात मांडतात. बहिऱ्या मुलांचंही तसंच. व्हिडिओ कॉलमुळे ती हातवाऱ्यांनी दूरच्या मित्राशी तासन्‌तास गप्पा मारतात, जे साध्या फोनवर त्यांना कधीच जमलं नसतं. हे सगळं गमवायचं नसेल, तर दुसरी बाजूही डोळे उघडे ठेवून पाहायला हवी.

ही दुसरी बाजू सोलापूरला परकी नाही. २ जून २०१४ रोजी पुण्याच्या हडपसर भागात एका तरुण संगणक अभियंत्याला जमावाने मारलं. तो आपल्या सोलापूरचा होता. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रं कुणीतरी फेसबुकवर टाकली होती, त्यावरून शहर पेटलं होतं. या मुलाचा त्या चित्रांशी काडीचा संबंध नव्हता. ओळखीची एवढी एकच खूण रस्त्यावर पुरेशी ठरली: तो मुसलमान दिसत होता.

चार वर्षांनी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं मारली गेली. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत फिरणारी ही माणसं. त्यांपैकी बहुतेक जण आपल्याच मंगळवेढा तालुक्यातले. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. या पाचजणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, आणि त्या मारहाणीचे व्हिडिओही पुन्हा फोनवरूनच फिरले. अफवाही फोनवरून गेली, पुरावाही फोनवरून आला. मधल्या काळात त्या माणसांचं म्हणणं मात्र कुठल्याच फोनवर पोचलं नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. मुलं पळवण्याची अफवा ज्या ग्रुपांवर फिरली, त्यांत डवरी गोसावी समाजाचं एक जरी माणूस असतं, तरी त्याने लिहिलं असतं, "अहो, आम्ही भिक्षेकरी, पावसाळ्यात तिकडे येतो, आमच्याकडे आधार कार्ड आहे." सगळ्यांनी ऐकलं असतं असं मी म्हणत नाही. पण शंका निघाली असती. कुणीतरी म्हणालं असतं, "थांबा, आधी पोलीस पाटलाला विचारू." ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो ज्या ग्रुपमध्ये बसलेला नसतो, तिथे खोट्याला कुणी अडवत नाही.

त्याच सुमारास देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुम्हालाही आला असेल. मोटरसायकलवरून दोघे येतात आणि खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीतला तुकडा होता. मूळ व्हिडिओत ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. कुणीतरी शेवट कापला आणि उरलेला भाग आपल्या गल्लीत आला. आता तर कापाकापीही लागत नाही. एखाद्या पुढाऱ्याच्या किंवा मौलवीच्या आवाजात, तो कधी बोललाच नाही ते वाक्य तयार करता येतं, तेही चांगल्या मराठीत.

१६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीत पालघरच्या गडचिंचले गावाजवळ दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला. तिथेही चोर, मुलं पळवणारे अशा अफवा आधी फिरल्या होत्या. मारणाऱ्यांत मुसलमान होते असा मजकूर नंतर पसरवला गेला. अटक झालेल्यांत एकही मुस्लिम नाही, हे राज्याच्या तेव्हाच्या गृहमंत्र्यांना यादी जाहीर करून सांगावं लागलं. एका अफवेने तिघांचा जीव घेतला आणि लगेच दुसरी अफवा नवे बळी शोधायला निघाली.

यावर तुमच्यातले काही म्हणतील, हे व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने थांबवावं, सरकारने थांबवावं. कंपनीने थोडं केलं. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, भारतात मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि फॉरवर्ड केलेल्यावर तशी खूण येऊ लागली. एप्रिल २०२० पासून फार वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण या अ‍ॅपवरचे मेसेज २०१६ पासून पूर्ण कुलूपबंद आहेत. पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणालाच वाचता येत नाहीत, कंपनीलाही नाही. हे कुलूप मला हवं आहे. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बहिणीला कळवणाऱ्या बाईला ते हवं आहे, मालकाविरुद्ध एकत्र येणाऱ्या कामगारांनाही हवं आहे. मात्र कुलूप असेल तर आतला मजकूर फक्त आतल्यांनाच दिसणार. पोलिसांना कळेपर्यंत दगड उचललेला असतो. वेळेत पाहणारे तुम्हीच.

सरकारकडे हुकमी उपाय एकच आहे, इंटरनेट बंद करणं. ७ जून २०२३ ला कोल्हापुरात स्टेटसवरून दंगल झाली तेव्हा ते झालं. सप्टेंबर २०२३ मध्ये साताऱ्यातल्या पुसेसावळीत एका तरुणाचा जीव गेला, तेव्हाही झालं. सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२०च्या निकालात असे आदेश जाहीर करावेत, गरजेपुरतेच असावेत, असं बजावलं आहे. तरी बंद पडलं की सगळंच पडतं. भाजीवाल्या मावशीचं क्यूआर कोडवरचं पेमेंट थांबतं, डायलिसिसच्या रुग्णाची गाडी सांगता येत नाही, आणि "ही बातमी खोटी आहे, घरी बसा" हा निरोपही पोचत नाही. अफवा तोंडोतोंडी फिरतेच, तिचा खुलासा तेवढा अडकतो. हे हत्यार सरकारला उचलावं लागू नये असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपापला ग्रुप सांभाळायला हवा.

"मी काय करू, दुसऱ्याने टाकलेल्याची जबाबदारी माझी कशी?" हा प्रश्न रास्त आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये हेच सांगितलं: ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. निकाल बरोबर आहे, आणि तुमच्यावर खटले भरावेत असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण तेव्हा अ‍ॅडमिनला सभासद घेणं-काढणं यापलीकडे फारसं काही करता येत नव्हतं. २०२२ पासून कुणाचाही मेसेज सर्वांच्या फोनवरून पुसण्याची सोय तुम्हाला मिळाली. त्याच वर्षी ग्रुपची मर्यादा १,०२४ माणसांपर्यंत वाढली. कायद्याने जबाबदारी टाकली नाही म्हणून हातातली ताकद कमी होत नाही.

आणि त्याच वर्षी आणखी एक बदल झाला. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं. आता सोडणाऱ्याचं नाव कळवलं जातं ते फक्त अ‍ॅडमिनला. विचार करा, हे केवढं मोठं आहे. शेजारच्या चाचांनी ग्रुप सोडला, कोपऱ्यावरच्या बौद्ध कुटुंबातली ताई बाहेर पडली, हे गल्लीला आपोआप कळत नाही. तुम्हाला कळतं. गल्ली तुटायला लागल्याची पहिली खबर तुमच्या फोनवर येते, आणि बहुतेक वेळा अंगठ्याने वर सरकवली जाते.

आमच्या भागातल्या एका ग्रुपमध्ये असंच झालं. पाण्याचाच ग्रुप, सगळ्या समाजांचा. निवडणुकीच्या आधीच्या महिन्यात त्यावर रोज काहीतरी येऊ लागलं. कधी एखाद्या धर्माच्या लोकांकडून भाजी घेऊ नका, कधी आरक्षणावरून टोमणे, कधी कुठल्यातरी राज्यातला जुना दंगलीचा व्हिडिओ "आजचा" म्हणून. आक्षेप कुणीच घेतला नाही. वीस वर्षं त्याच बोळात शिवणयंत्र चालवणारे एक गृहस्थ एका संध्याकाळी ग्रुपमधून गेले. मग त्यांचे भाऊ गेले, मग आणखी दोन घरं. पाणी कधी आलं हे ती घरं आता वेगळ्या ग्रुपवर एकमेकांना कळवतात. नळ तोच, पाइप तोच, वेळ तीच, आणि निरोप दोन. भांडण एकाही दिवशी झालं नाही. म्हणूनच मला ते जास्त धोक्याचं वाटतं, कारण आता त्या ग्रुपवर त्या घरांबद्दल काहीही लिहिलं तरी "असं नाही हो" म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

माणसं शिवीगाळीने क्वचित जातात. बहुतेक वेळा ती दुर्लक्षाने जातात. दिवाळीच्या शुभेच्छा दोनशे आणि ईदच्या तीन, हे मोजणारा मोजतोच. १४ एप्रिलला एकानेही काही लिहिलं नाही, हेही लक्षात राहतं. शाळेच्या ग्रुपवर सगळ्या सूचना इंग्रजीत, मग कन्नड घरातली आई नवऱ्याला विचारत बसते, तो कामावर, आणि पोरगं गणवेशाशिवाय जातं. बायकांचे नंबर सगळ्यांना उघडे दिसतात, रात्री कुणीतरी "हाय" पाठवतो, ती तक्रार करत नाही, निघून जाते. तिच्यासोबत तिच्या घराचा आवाज जातो. ही गळती थांबवायला कायदा लागत नाही, तुमचा एक फोन पुरतो. त्या पाठवणाऱ्याला ग्रुपवर जाहीर झापू नका, त्याने तो इरेला पेटतो. बाजूला फोन करा: "दादा, तुमचा मेसेज मी काढलाय, हा व्हिडिओ कुठला आणि कधीचा ते सांगा, मग परत टाकू." दहातल्या नऊ जणांना उत्तर देता येणार नाही. जो दहावा मुद्दाम करतोय, त्याला काढायला मन कचरू देऊ नका, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, तुमचा सख्खा चुलतभाऊ असो.

अ‍ॅडमिन एकटे राहू नका, हे मला कळकळीने सांगायचं आहे. एकाच घरातले, एकाच समाजाचे तीन अ‍ॅडमिन काही कामाचे नाहीत. एक अक्का घ्या, एक भाईजान घ्या, एक आप्पा घ्या, वस्तीतला एक तरुण कार्यकर्ता घ्या. ताणाच्या रात्री ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील" असा करायची सोय आहे. ती तास-दोन तासांपुरती जरूर वापरा, पण त्या वेळात गप्प बसू नका. चार अ‍ॅडमिनांनी चार भाषांत आपल्या आवाजात सांगावं, "मी आत्ता चौकात उभा आहे, इथे काहीही झालेलं नाही." ओळखीचा आवाज तेलुगूत, उर्दूत, कन्नडमध्ये ऐकला की माणूस दारातून आत वळतो. पोलिसांच्या पत्रकाने हे होत नाही. आणि जर खरंच काही होत असेल तर ग्रुपवर चर्चा न करता आधी ११२ ला फोन.

आपल्याला ग्रुपवर राजकारण हवं की नको, विनोद हवेत की नको, यावर तुमचे नियम तुम्ही ठरवा. मी काही सक्त शिस्तीचा माणूस नाही. गल्ली म्हटली की टोमणे, रुसवे चालायचेच. मिसळलेल्या ग्रुपमध्ये वाद होतील, कधी कडूही होतील. वाद करणारे दोघे एकाच नळाचं पाणी भरतात तोवर मला त्याची भीती वाटत नाही.

पुढचे सण येण्याआधी एक काम करा. आज जेवण झालं की ग्रुपमधली माणसांची यादी उघडा. गेल्या साठ दिवसांत कोण बाहेर पडलं, त्यांची नावं खाली वेगळी दिसतात, ती वाचा. त्याआधी गेलेले तुम्हाला आठवत असतीलच. त्यांच्यापैकी एकाच्या घरी जा, फोनवर नको, घरीच जा. का गेलात ते विचारा आणि मधे न बोलता ऐका. मग म्हणा, "परत या, आणि माझ्यासोबत अ‍ॅडमिन व्हा."

आपला,
पूर्व भागातला एक सोलापूरकर